सिंहाची गॅरंटी कोण देणार?

गेल्या अंकात सुट्टीत कुठं जाताय असं विचारलं होतं, तर यंदा निम्मी पत्रं सफारीवरच आलीत. काही प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, चवथ झाली की सप्टेंबरअखेर आम्ही केनियाला जातोय, मसाई मारात तीन रात्री. मुलं ९ आणि १३ वर्षांची. एजंटनं कागदावर 'सहा गेम ड्राइव्ह' असं लिहून दिलंय. हे गेम म्हणजे नक्की काय असतं, दिवसभर गाडीतच बसायचं का, आणि सिंह नक्की दिसेल ना? पैसे खूप घातलेत हो.
(म्हापशाची एक वाचक)

उत्तर : गेम म्हणजे खेळ नाही, हे आधी मुलांना सांगून टाका, माझा भाचा पहिल्या दिवशी विचारत होता की गेम कधी सुरू होणार. इंग्रजांच्या काळी शिकारीच्या जनावराला गेम म्हणायचे, शिकार गेली आणि शब्द तेवढा राहिला. आता गेम ड्राइव्ह म्हणजे गाडीतून जनावरं बघायची फेरी. 'बिग फाइव्ह' पण तसलंच, सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा, हे काही आकारानं मोठे म्हणून नाहीत, पायी शिकार करायला सगळ्यात अवघड आणि धोक्याचे म्हणून ती यादी. सफारी हा मात्र स्वाहिली शब्द, म्हणजे प्रवास, मूळ अरबी, आपण 'सफर' म्हणतो ना तोच.

आता सहाचा हिशोब. पोचलात त्या दिवशी संध्याकाळची एक, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मिळून चार, आणि निघायच्या दिवशी सकाळची एक. इथंच गोम आहे. तुम्ही नैरोबीहून गाडीनं जात असाल तर वाट पाच-सहा तासांची, आणि त्याच दिवशी परतीचं विमान असेल तर ती शेवटची सकाळ म्हणजे नुसतं गेटपर्यंत जाताना वाटेत जे दिसेल ते. एजंटला स्पष्ट विचारा की सहावी ड्राइव्ह किती तासांची. आणि गाडी फक्त तुमची की आणखी कोणी असणार, ते पण, कारण अनोळखी माणसं असली की एकाला पक्षी बघायचे असतात, एकाला फक्त सिंह, आणि एकाला लवकर परत जाऊन झोपायचं असतं.

सकाळी साडेपाचला कॅम्पवरचा माणूस तंबूबाहेरून हाक मारतो, चहा-कॉफी आणि बिस्किटं देतो आणि उजाडायच्या सुमारास गाडी सुटते. थंडी असते, खरीखुरी. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, गाडीचं छप्पर उघडं, त्यात वारा. आपण गोंयकार स्वेटर काढतो ते बेळगावच्या पुढं गेल्यावर, त्यामुळं 'आफ्रिका म्हणजे ऊन' या समजुतीनं टीशर्टवर गेलेली निम्मी माणसं पहिल्या सकाळी कॅम्पचं ब्लँकेट गुंडाळून बसलेली असतात (मी पण त्यातलीच). नऊच्या आसपास ऊन चढलं की एकेक कपडा उतरत जातो, म्हणून थरावर थर घाला, एकच जाडं जॅकेट नको. काळे आणि गडद निळे कपडे टाळा, त्से त्से माशी त्या रंगावर येते आणि चावली की चांगलंच कळतं.

पहिला अर्धा तास बहुतेक काहीच होत नाही. गवत, गवत, लांबवर एक झाड, आणि मागच्या सीटवरून 'आई, किती वेळ?' हा वेळ वाया जातोय असं वाटतं, पण तेव्हा ड्रायव्हरकडं बघा, त्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि हरणांवर जास्त असतं. दहा-बारा हरणं चरायचं थांबवून एकाच दिशेला तोंड करून उभी असली की तिकडं काहीतरी आहे. टोपी नावाचं एक तांबूस हरीण असतं (हो, टोपीच) ते वारुळावर चढून पहारा देत उभं राहतं, ते कुठं बघतंय हे बघायचं. गिधाडं वर फिरत असतील तर एवढं काही नाही, पण एकामागून एक खाली उतरायला लागली तर तिथं मेलेलं जनावर नक्की. आपल्याकडं ताडोब्यात वानर आणि चितळ ओरडतात तेव्हा गाइड कान टवकारतो, इथं डोळ्यांचं काम जास्त, कारण सगळं उघडं आहे.

सिंहाचं म्हणाल तर तीन दिवसांत मारात सिंह दिसला नाही असं क्वचितच होतं. पण तो बहुतेक झोपलेला दिसेल. दिवसाचे सोळा ते वीस तास तो लोळतच असतो, आपल्या दारातला कुत्रा दुपारी पडतो तसाच, पाय वर, पोट उघडं. मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर हिरमुसतील. शिकार प्रत्यक्ष बघायला मिळणं हा नशिबाचा भाग, आणि त्यातही दिवसाउजेडी शिकार करतो तो चित्ता, म्हणून चित्ता दिसला तर घाई करू नका, थांबा. बिबट्या आणि गेंडा यांचं कोणीही सांगू नये. गेंडाच बघायचा असेल तर नाकुरू सरोवराचं पार्क आहे, तिथं एक रात्र टाकता येते का बघा. जो एजंट पाचही दाखवतो म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो त्याला एवढंच विचारा, नाही दिसले तर पैसे परत का?

एक वाईट गोष्ट पण सांगते. सगळ्या गाड्यांत रेडिओ असतो, बिबट्या कुठं आहे हे एकानं सांगितलं की बाकीचे धूळ उडवत तिकडं निघतात आणि दहा मिनिटांत तिथं म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. नियम असा की एका जनावराभोवती पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी घ्यायची, आणि रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही. पाळतात का सगळे? नाही. टीप मिळावी म्हणून ड्रायव्हर पुढं घुसतो, आणि बऱ्याचदा मागं बसलेले आपलेच लोक 'और आगे, और आगे' करत असतात. आम्ही दुसऱ्या दिवशी आमच्या ड्रायव्हरला सरळ म्हटलं की रेडिओ बंद ठेव, तुला आवडतं ते दाखव. त्यानं आम्हाला शेणकिडा शेणाचा गोळा ढकलत नेताना दाखवला, वीस मिनिटं, आणि शेपटी अँटेनासारखी उभी करून पळणारं रानडुकरांचं कुटुंब, आणि तारेवर आपला नीलपंख बसतो ना त्याच जातीतला पण जांभळ्या छातीचा एक पक्षी. भाच्याला आज चार वर्षांनी सिंह आठवत नाही, तो गोळा आठवतो.

सप्टेंबरअखेर म्हणजे वाइल्डबीस्टचे (गाईगुरांसारखं दिसणारं तिकडचं मोठं हरीण) कळप अजून मारात असायला हवेत, साधारण जुलै ते ऑक्टोबर ते टांझानियातून इकडं आलेले असतात, दहा लाखांहून जास्त जनावरं, सोबत झेब्रे. टीव्हीवर दाखवतात ते नदी ओलांडणं बघायला मिळेल का, तर बसायची तयारी हवी. आम्ही मारा नदीच्या काठावर अडीच तास बसलो होतो. कळप येतो, पुढचा एक जण पाण्याला तोंड लावतो, मागचे ढकलतात, पाण्यात मगरी दिसतायत, आता जाणार, आता जाणारच, आणि मग कुठूनतरी एक झेब्रा दचकतो आणि सगळे वळून परत डोंगरावर. असं तीनदा झालं. शेवटी ते गेलेच नाहीत, आम्ही कॅम्पवर जेवायला गेलो आणि दुसऱ्या गाडीतल्यांनी संध्याकाळी सांगितलं, तुम्ही गेल्यावर वीस मिनिटांत ओलांडली. अजून आठवलं की चरफडायला होतं.

आणि हो, पार्कची फी पॅकेजमध्ये आहे ना ते बघून घ्या. परदेशी मोठ्या माणसाला मारात जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर असा दर २०२४ पासून आहे. 'स्वस्त पॅकेज' बऱ्याच वेळा इथंच स्वस्त झालेलं असतं, कॅम्प पार्कच्या बाहेर, फी वेगळी.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, मणक्याचा त्रास आहे पण यायचा हट्ट आहे. त्यांना झेपेल का? लस घ्यावी लागते असं ऐकलं. आणि विचारायला लाज वाटते, पण जंगलात बाथरूमचं काय करतात?
(फोंड्याची एक वाचक)

उत्तर : लाज कसली, पंधरापैकी अकरा बायकांनी हेच विचारलंय.

आधी लस. केनियाहून भारतात परत येताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. लस जायच्या निदान दहा दिवस आधी हवी, ती फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते आणि आधी नंबर लावावा लागतो, म्हणून चवथीच्या गडबडीत हे विसरू नका. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. पण साठीच्या पुढं ही लस देताना डॉक्टर जरा विचार करतात, त्यामुळं सासूबाईंना सरळ केंद्रावर न नेता आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा. ते नको म्हणाले तर तसं पत्र घ्या, आणि त्या पत्रावर परतीच्या विमानतळावर काय करतात हे तिकीट काढायच्या आधी एअरपोर्टच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा, नंतर नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं पण त्याच फेरीत विचारून घ्या, त्या जायच्या आधी सुरू करून आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात.

मणका. खरं सांगू का, हाच मोठा प्रश्न आहे. मारातल्या वाटा कच्च्या, पाऊस पडला की काळी चिकण माती, गाडी रुतते, आणि ड्रायव्हर लोक हसत हसत त्याला 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. सासूबाईंना मागच्या चाकावरच्या सीटवर अजिबात बसवू नका, पुढं ड्रायव्हरशेजारी किंवा मधल्या रांगेत बसवा. व्हॅनपेक्षा लँड क्रूझर बरी, फक्त पायरी उंच असते, एक छोटं स्टूल गाडीत ठेवा म्हणून आधीच कळवा. परवडत असेल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं मारात जा, पाऊण तासात पोचता, पण सामान १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सुटकेस घेत नाहीत. आणि रोज दोन ड्राइव्ह त्यांनी केल्याच पाहिजेत असं कुठं आहे? सकाळची करू देत, संध्याकाळी कॅम्पवर चहा पीत बसू देत, बऱ्याच कॅम्पवर बसल्या जागी जिराफ दिसतात. फक्त केळं हातात धरून बसू नका म्हणावं, माकडं आपल्याकडच्यापेक्षा निर्लज्ज आहेत.

बाथरूमचं असं की मनात आलं आणि उतरलं असं चालत नाही. ठरलेल्या जागा असतात, गेटवर, धावपट्टीजवळ, जेवणाच्या ठिकाणी. मध्येच गरज पडली तर ड्रायव्हरला सांगायचं, 'टायर चेक करायचाय', हा तिकडचा परवलीचा शब्द आहे, कोणी हसत नाही. तो मोकळी जागा बघतो, आधी स्वतः उतरून चारी बाजू बघतो, मग तुम्ही गाडीच्या आडोशाला, गाडीपासून दोन पावलं, झुडपामागं नाही. झुडपामागं आधीच कोणीतरी बसलेलं असू शकतं. टिश्यू तिथं टाकायचा नाही, कागदी पिशवीत घालून परत आणायचा. कागदी म्हणते कारण केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, आणि २०२० पासून पार्कात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्या पण चालत नाहीत. आपली सवय म्हणजे चपला पिशवीत, ओले कपडे पिशवीत, चिवडा पिशवीत. सगळं काढा, कापडी घ्या, पाण्याला स्टीलची बाटली.

खाण्याची काळजी करू नका. तिकडं चपाती मिळते आणि तिला चपातीच म्हणतात, तिकडं गेलेल्या आपल्या लोकांनी रुजवलेली. सोमवारचं, चतुर्थीचं शाकाहारी आधी कळवलं की करून देतात.

अजून एक, रात्री थंडी म्हणून बरेच कॅम्पवाले अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात, वर लोकरीचं कव्हर. सासूबाईंना आधी सांगा. माझ्या आईनं अंधारात पाय घातला आणि पायाला काहीतरी ऊबदार, केसाळ लागलं, तिच्या किंचाळीनं मसाई रखवालदार भाला घेऊन आला.

प्रश्न : कॅमेरा कुठला घेऊ? मोबाइल पुरेल का? ड्रोन नेता येतो का?
(मडगावचा एक वाचक)

उत्तर : ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय नेलात तर विमानतळावरच अडकेल. हत्ती-जिराफाला मोबाइल पुरतो, बाकीच्याला १००-४०० सारखी लांबचं टिपणारी लेन्स लागते, पण ती भाड्यानं पण मिळते, तीन दिवसांसाठी विकत कशाला. त्यापेक्षा माणशी एक दुर्बीण घ्या, ८ बाय ४२ ची, एकच दुर्बीण चौघांत असली की गाडीत भांडणं होतात हे अनुभवाचे बोल. तिकडचे प्लग चौकोनी तीन पिनांचे, अ‍ॅडॅप्टर लागेल, आणि कॅम्पवर जनरेटर ठरावीक वेळच चालतो म्हणून पॉवर बँक. टीपेला माणशी दिवसाला १०-१५ डॉलर धरा, नोटा २०१३ नंतरच्या घ्या, जुन्या घेत नाहीत.

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेत गवे येतात, दोडामार्गचे हत्ती अधूनमधून सीमा ओलांडून इकडं उतरतात, मग एवढे लाख खर्चून आफ्रिकेत जायचं कशाला? गोव्यातच सफारी नाही का?
(वाळपईचे एक वाचक)

उत्तर : काका, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ हसले, कारण तुम्ही बरोबर आहात. आफ्रिकेतली रानम्हैस बघायला लोक डॉलर मोजतात आणि आपला गवा वजनात आणि उंचीत तिच्यापेक्षा वरचढ, गोव्याचा राज्यप्राणी आहे तो. पण तुमच्या बागेतला गवा तुम्हाला किती वेळ दिसतो? फांदी मोडल्याचा आवाज येतो, काळं काहीतरी हलतं, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दिसतात आणि संपलं. आपलं रान दाट, ते कानानं आणि पायांच्या ठशांवरून वाचायचं. मारात गवत आहे, म्हणून दोन किलोमीटरवरचा प्राणी पण दिसतो. फरक एवढाच, आपल्याकडं जनावरं नाहीत असं नाही.

कुळ्यातून दूधसागरला जी जीप जाते तिला लोक सफारी म्हणतात, ती भगवान महावीर अभयारण्यातूनच जाते हे खरं, पण ती धबधब्याची फेरी. भर उन्हात, लाइफ जॅकेट घालून, ओढ्यातून गाड्यांची रांग, तिथं माकड आणि मलबार धनेश दिसला तरी नशीब. बोंडला लहान आहे, मुलांना घेऊन अर्धा दिवस ठीक. खरी सकाळची जीप सफारी हवी तर घाट चढून दांडेलीला जा, काळी व्याघ्र प्रकल्पात, तिथं काळा बिबट्या आहे, दिसतो किती जणांना ते सोडा.

आणि वाघ तुमच्याच तालुक्यात होते की. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषानं मेली, गुरं मारली म्हणून. जुलै २०२३ मध्ये हायकोर्टानं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटलं, त्यावरून पुढं किती वाद झाले ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय. मारात मी एका मसाई गुराख्याला विचारलं की सिंहानं गाय मारली तर काय करतोस, तो म्हणाला, राग येतो. मग थोड्या वेळानं म्हणाला, पण कॅम्पवाले आमच्या जमिनीचं भाडं देतात. सत्तरीत भाडं कोण देतंय?

प्रश्न : गाडी उघडी असते तर सिंह आत उडी का मारत नाही? मी आठवीत आहे.
(वास्कोचा एक विद्यार्थी)

उत्तर : कारण त्याला तू दिसत नाहीस, गाडी दिसते. गाडी आणि आतली माणसं मिळून एक मोठं, डिझेलचा वास येणारं, निरुपद्रवी जनावर, लहानपणापासून बघितलेलं. तू उभा राहिलास, हात बाहेर काढलास, ओरडलास की त्या जनावरातून माणूस वेगळा दिसायला लागतो, म्हणून बसायचं आणि हळू बोलायचं. छपरातून बघायला उभं राहायचं असेल तर ड्रायव्हरला विचारून, आणि सीटवर चढताना बूट काढून, नाहीतर तो बोलेल.

मी तुला एक सांगते. दुपारी अकरा वाजले असतील, झाड एकपण नाही, आम्ही एका सिंहिणीपासून जरा लांब गाडी थांबवून बसलो होतो. ती उठली आणि सरळ आमच्याकडं चालत आली. ड्रायव्हर हळूच म्हणाला, काचा वर घ्या, आणि इंजिन काही चालू केलं नाही. ती माझ्या दाराखाली आली आणि गाडीच्या सावलीत धपकन पडली. वरून मला तिचा कान दिसत होता, टोकाला फाटलेला, त्यावर माश्या, आणि ती दम टाकत होती त्यानं पोट खालीवर होत होतं. वास येत होता, ओल्या कुत्र्यासारखा पण जास्त उग्र. वीस-पंचवीस मिनिटं कोणी हललं नाही, चाकाजवळ ती असताना गाडी काढता येईना. आणि तेवढ्यात मागं बसलेल्या आमच्या फोंड्याच्या काकांचा फोन वाजला, रिंगटोन घुमट वाजवून म्हटलेल्या आरतीचा, फुल्ल आवाजात. काका खिसे चाचपतायत, फोन सापडत नाही, घुमट चालूच. सिंहिणीनं एक कान मागं वळवला, शेवटपर्यंत ऐकलं आणि परत डोळे मिटले.